बाथरूममधील एक्झॉस्ट फॅन दमट हवा बाहेर टाकत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. ठाण्यातील आमच्या सदनिकेच्या बाथरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. तिच्या वरच्या काचपट्ट्या काढून इलेक्ट्रिशियनने १५० मिलिमीटरचा एक्झॉस्ट फॅन बसवला आहे आणि उरलेली खिडकी अॅक्रिलिक शीटने बंद केली आहे. फॅन चालतो, आवाजही भरपूर करतो, परंतु अंघोळीनंतर आरसा बराच वेळ धूसर राहतो आणि पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

दार बंद असताना फॅनच्या जाळीवर धरलेला टिश्यू पेपर गळून पडतो, दार किंचित उघडले की चिकटून बसतो. ग्रॅनाइटच्या उंबऱ्यामुळे दाराखाली काडेपेटीतील काडी जाईल एवढीच फट असल्याने हवा आत येण्यास वाटच नाही, हेच मूळ कारण असावे असे मला वाटते. दार फायबरचे आहे. ते खालून कापावे की त्यात जाळी बसवावी?

दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. फॅन बंद असताना डक्टमधून शेजाऱ्यांच्या फोडणीचा (आणि कधी सिगारेटचा) वास आत येतो. फॅन बंद होताच आपोआप मिटणारी झडप बाहेरून लावता येते, असे कळते. मात्र डक्टमध्ये उतरणे धोक्याचे असल्याने ती आतूनच बसवणे शक्य आहे का? गिझर विजेचा आहे, त्यामुळे गॅसच्या धुराचा प्रश्न नाही. ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभव आणि अंदाजे खर्च कळवावा.