मदत हवी आहे: नववीच्या इंग्रजीत 'ओडिसी', लेकीच्या निबंधाचा मी बोजवारा उडवलाय

नमस्कार मंडळी,

लेक इथे न्यू जर्सीत पब्लिक स्कूलला नववीत आहे. इंग्रजीच्या तासाला गेले पाच आठवडे होमर या प्राचीन ग्रीक कवीचं महाकाव्य 'ओडिसी' चालू आहे. शुक्रवारी रात्री बारापर्यंत निबंध द्यायचाय. पहिला मसुदा साफ फसला आणि त्यात माझा मोठा हात आहे, म्हणून हा धागा.

माझं शिक्षण सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमात, मग पुण्याला इंजिनिअरिंग. ग्रीक म्हणजे पायथागोरस आणि भूमितीतले अल्फा-बीटा, एवढीच ओळख. लेकीनं पहिल्या आठवड्यात गोष्ट सांगितली. राजा वीस वर्षं घराबाहेर, दहा ट्रॉयच्या युद्धात आणि दहा परतीच्या वाटेवर. बायको वाट बघतेय. तिला मागणी घालायला आलेले १०८ जण घरात ठाण मांडून बसलेत आणि रोज त्याचीच डुकरं-बोकड कापून खातायत. शेवटी तो भिकाऱ्याच्या वेशात येतो आणि दुसऱ्या कुणालाही न वाकलेल्या धनुष्याला दोरी चढवतो. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "अगं, हे तर आपलं रामायणच की! वनवास, पतिव्रता, शिवधनुष्य, सगळं आहे." तिला पटलं. निबंधाचं पहिलंच वाक्य झालं, 'ओडिसियस हा ग्रीकांचा राम आहे.'

गूगल डॉकवर बाईंचे शेरे आले. त्या वाक्याशेजारी, 'तुलना छान, पण तुझा मुद्दा काय?' पुढे तीन ठिकाणी नुसतं 'पुरावा?' आणि शेवटच्या परिच्छेदाशेजारी, 'गोष्ट मला माहीत आहे. तुला काय दिसलं ते सांग.'

हा शेवटचा शेरा लेकीपेक्षा मलाच लागला. आमच्या वेळी गोष्ट माहीत आहे हे दाखवण्याचेच मार्क मिळायचे. संदर्भासह स्पष्टीकरण: कवी कोण, कविता कुठली, कोण कोणास म्हणाले, 'प्रस्तुत ओळींत...' अशी सुरुवात आणि मधला मजकूर गाईडमधून पाठ. तुला काय दिसलं, असं दहावीपर्यंत मला एकाही बाईंनी विचारल्याचं आठवत नाही. विचारलं असतं तर मी बहुतेक रडले असते.

विषय असा आहे: 'ओडिसियस वीर आहे का? बाजू घ्या.' तीन पानं, निदान तीन उतारे, ओळींच्या क्रमांकासकट. वर्गात एमिली विल्सनचा २०१७ चा इंग्रजी अनुवाद आहे. २४ पैकी ९ ते १२ हे सर्ग आणि १७ पासून शेवटपर्यंत, एवढं वाचून झालंय.

रामायणाची तुलना काढून टाकू की दुरुस्त करू? नेटवर सर्गवार सारांश मिळतात, ते तिला वाचू द्यावेत का? आणि मी स्वतः हे पुस्तक वाचायला घेतलं तर दोन-तीन दिवसांत काही उपयोग होईल, की उगाच लुडबुड?

अजून एक. २२व्या सर्गात सगळ्यांना मारून झाल्यावर घरातल्या बारा दासींकडून प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात आणि मग त्यांना फासावर लटकवतात. त्या मागणीवाल्यांबरोबर झोपल्या, एवढाच गुन्हा. लेकीनं तिथे पुस्तक मिटलं. "आई, याला मी हीरो कसं म्हणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उंटावरचा शहाणा:
राम? अहो ताई, राम एकवचनी. हा गृहस्थ अथेना देवीला थाप मारतो, ज्याच्या झोपडीत आसरा घेतला त्या डुकरं राखणाऱ्याला थाप मारतो, बायकोला थाप मारतो आणि सगळं उरकल्यावर काही गरज नसताना म्हाताऱ्या बापालाही थाप मारतो. तुलना करायचीच तर कृष्णाशी करा, निदान भांडायला मजा येईल.

चिंचगुळाची_आमटी:
मुलांचा अभ्यास मुलांना करू द्या. आमच्या आईला मी कितवीत आहे हेसुद्धा माहीत नसायचं.

गवती चहा:
मी इथल्याच एका हायस्कूलला इंग्रजी शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

तुलना वाईट नाही, ती लवकर थांबली एवढंच. 'अमुक तमुकासारखा आहे' इथे निबंध सुरू होत नाही. सारखेपणा कुठे तुटतो तिथे सुरू होतो. सारांश वाचू द्या, पण सर्ग वाचून झाल्यावर. सारांशात गोष्ट असते आणि बाईंना गोष्ट नकोय.

तिला एकच जागा निवडायला सांगा आणि तिथेच ठाण मांडा. उदाहरणार्थ ९वा सर्ग, एकाक्ष राक्षसाची गुहा. सोबती म्हणतात, चीज घेऊ, करडं-कोकरं घेऊ आणि निघू. हा म्हणतो, थांबा, यजमान काय भेट देतो बघू. ग्रीकांत पाहुणा आणि यजमान यांचं नातं देवांचा राजा झ्यूस याच्या राखणीतलं, आपल्या 'अतिथिदेवो भव'च्या जवळपासचं. पण इथे पाहुणाच न विचारता घरात शिरून चीज खात बसलाय. सहा माणसं खाल्ली जातात. मग ती प्रसिद्ध युक्ती. हा आपलं नाव 'कुणी नाही' सांगतो, त्यामुळे डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो, "मला कुणी नाही मारतंय!" आणि शेजारचे राक्षस घरी जातात. इथे गोष्ट संपायला हवी. पण जहाज किनाऱ्यापासून सुटल्यावर, सोबती गप्प बस म्हणून विनवत असताना, हा ओरडून स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतो. म्हणजे पूर्ण पत्ताच. त्या पत्त्यावर शाप येतो, कारण राक्षसाचा बाप समुद्राचा देव. आता लेकीला विचारा: 'कुणी नाही' होऊन वाचलेला माणूस पुन्हा 'कुणीतरी' व्हायला का धडपडतो? हे वीरपण की त्याची किंमत? तीन पानं इथेच होतील.

आणखी एक खुबी. ९ ते १२ हे सर्ग तो स्वतः सांगतोय, एका राजाच्या दरबारात, जेवणानंतर. त्याला तिथून जहाज हवंय. आणि त्या प्रवासातला एकही सोबती साक्षीला जिवंत नाही.

पहिल्या ओळीत त्याला 'पोलिट्रोपोस' म्हटलंय, अनेक वळणांचा. विल्सन 'कॉम्प्लिकेटेड' म्हणते, इतरांनी वेगवेगळे शब्द वापरलेत. मला विचाराल तर मराठीत तो बारा गावचं पाणी प्यालेला आहे. दोनच ओळींनंतर कवी सांगतो की त्यानं अनेक लोकांची नगरं पाहिली आणि त्यांची मनं ओळखली!

दासींबद्दल: मिटलेलं पुस्तक हीच तिची जागा आहे. तिथे कवीनं दिलेली उपमा बघा, जाळ्यात अडकलेल्या पाखरांची. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. आधीच्या काही अनुवादांत त्यांना शिवीवजा शब्द आहेत. विल्सनबाईंचं म्हणणं, मूळ ग्रीकमध्ये तिथे शिवी नाही. त्या साधं 'मुली' म्हणतात. फाशी देणारा हात त्याच्या मुलाचा, टेलिमॅकसचा, तेही बापानं तलवारीनं मारायला सांगितलेलं असताना. कवी कुणाच्या बाजूनं आहे ते सांगत नाही, म्हणून तर वर्गात वाद घालता येतो.

तुम्ही जरूर वाचा. १७व्या सर्गातल्या कुत्र्यापासून सुरुवात करा.

साताऱ्याची लेक (धागालेखिका):
गवती चहा, किती धन्यवाद मानू! लेकीनं तुमचा प्रतिसाद मला मोठ्यानं वाचायला लावला (तिला देवनागरी सावकाश वाचता येतं). तिची एक तक्रार: सकाळ झाली की दर वेळी 'गुलाबी बोटांची उषा'. म्हणते, "याला एडिटर नव्हता का?"

शेंगदाण्याचा लाडू:
ही माझी आवडती जागा! तिला श्रावणातल्या कहाण्या ऐकवा. दर वेळी 'अटपाट नगर होतं', दर वेळी 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. विठोबा आला की 'कर कटावरी' आलेच. हे काव्य गायचं होतं, बारा हजारांहून जास्त ओळी. गाणाऱ्याला ठरलेले तुकडे हाताशी असले की पुढची ओळ जुळवता येते. मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि असे गायक हजारो ओळी कशा रचतात ते दाखवलं. एडिटर नव्हता, श्रोते होते.

निवांत_वाचक:
भर घालण्याइतकं ज्ञान नाही, पण धागा साठवून ठेवतेय. आमची आठवीत आहे.

साताऱ्याची लेक (धागालेखिका):
अपडेट. काल रात्री अकरा पन्नासला निबंध गेला.

बुधवारी रात्री आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर २३वा सर्ग मोठ्यानं वाचत होतो, एक पान ती, एक पान मी. नवरा परत आलाय, तरी पेनेलोपी विश्वास ठेवत नाही. ती म्हाताऱ्या दाईला सहज सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर आणून अंथरूण घाल. हा भडकतो, कारण पलंग हलूच शकत नाही. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा कोरून त्यानं खांब केलाय आणि हे फक्त दोघांना आणि एका दासीला माहीत. सगळ्यांना गंडवणारा बायकोच्या एका वाक्यात सापडतो.

लेक वाचता वाचता थांबली. "आई, सीतेची परीक्षा राम घेतो ना? इथे उलटं आहे. इथे ती घेते."

माझ्या तोंडून नुसतं 'अगं बाई' निघालं. राम पहिल्या वाक्यातून गेला, सीता शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यापुरती आली. मुद्दा असा झाला की ओडिसियस युक्तीनं जिंकतो पण त्याला घर मिळतं ते त्याची युक्ती हरते तिथे. दासींचा परिच्छेद तिनं ठेवला आणि 'हीरो' या शब्दापुढे प्रश्नचिन्हही. तो मी वाचलेला नाही, तिनं वाचू दिला नाही.

बाईंचा शेरा आला की कळवते. मी त्या कुत्र्यापाशी, आर्गोसपाशी पोचलेय. उकिरड्यावर पडलाय, अंगभर गोचिड्या, उठवत नाही, पण मालकाचा आवाज ऐकून शेपटी हलवतोय आणि मालकाला ओळख दाखवता येत नाहीये. पुढचं पान दोन दिवस उलटलेलं नाही.