कुमार धर्मसेना: खेळाडूचा अनुभव पंचगिरीत कुठे कामी येतो?

मिडऑन: १९९६ला लाहोरमध्ये श्रीलंकेकडून विश्वचषकाची फायनल खेळलेला धर्मसेना २०१५ला मेलबर्नच्या फायनलमध्ये पंच म्हणून उभा होता. दोन्ही करणारा तो पहिलाच. ३१ कसोटी आणि १४१ वनडे खेळलेल्या माणसाकडून २०१९च्या इंग्लंड-न्यूझीलंड फायनलमध्ये लॉर्ड्सवर, गप्टिलची फेक स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली तेव्हा, ओव्हरथ्रोच्या धावा कशा चुकल्या? तिसऱ्या पंचाला का विचारलं नाही?

पॉपिंगक्रीज: सहा दिल्या, पाच हव्या होत्या. नियम १९.८ प्रमाणे ओव्हरथ्रोवर चेंडू सीमापार गेला की चौकाराच्या ४ आणि पूर्ण झालेल्या धावा मिळतात. अर्धवट धाव कधी धरायची? क्षेत्ररक्षकाने चेंडू फेकला त्या क्षणी फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले असतील तरच. गप्टिलच्या हातून चेंडू सुटला तेव्हा पहिली धाव पूर्ण होती, दुसरीसाठी स्टोक्स आणि रशीद क्रॉस झालेले नव्हते. म्हणजे १ + ४.

बरेच जण चेंडू स्टोक्सच्या बॅटला लागला तो क्षण धरतात. तो धरायचाच नाही, पाहायची ती फेक. शिवाय पुढचा चेंडू रशीदला खेळावा लागला असता, तोही २ चेंडूंत ३ नव्हे तर ४ हव्या असताना. मला एका धावेपेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

थर्डमॅन: तिसऱ्या पंचाबद्दल: कुणी बाद झाल्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे धावा मोजण्यासाठी रिप्ले मागायची सोय सामन्याच्या नियमांत नव्हती. धर्मसेना आणि मैदानावरचा दुसरा पंच एरॅस्मस आपसात बोलले, पण चर्चा दुसरी धाव पूर्ण झाली का यावरच राहिली. फेकीच्या वेळी फलंदाज कुठे होते, हा प्रश्नच निघाला नाही. रिप्ले पाहिल्यावर चूक झाल्याचं धर्मसेनाने पुढे मान्य केलं.

पॉपिंगक्रीज: आणि इथे खेळाडूचा अनुभव उपयोगी पडत नाही. मैदानात असताना खेळाडूची नजर चेंडूवर खिळलेली असते. पंचाला चेंडू दूर गेल्यावर नजर फिरवत राहावी लागते: बॅट क्रीजमध्ये टेकली का, क्षेत्ररक्षक फेकतोय का, आणि हात सुटताना फलंदाज कुठे आहेत. ओव्हरथ्रो होईल हे आधी ठाऊक नसतं, म्हणून दर फेकीला तो एक कटाक्ष टाकायची सवयच लावून घ्यावी लागते. चेंडू सीमेपार गेल्यावर आठवू म्हटलं, तर आठवत नाही.

मिडऑन: मग उपयोग कुठे?

थर्डमॅन: पायचीतमध्ये. धर्मसेना स्वतः ऑफस्पिनर. चेंडू कुठून सुटला, किती वळेल, टप्प्यापासून पॅडपर्यंत किती अंतर मिळालं, हा अंदाज हजारो चेंडू टाकून बसलेला असतो. २००६ला निवृत्ती, २००९ला पहिली वनडे पंच म्हणून, २०११ला आयसीसीचं एलिट पॅनेल, म्हणजे पंचांची सर्वांत वरची फळी. एवढ्या लवकर वर जाणं त्या तयारीशिवाय अवघड आहे. आयसीसीचा सर्वोत्तम पंच २०१२ आणि २०१८ असा दोनदा झाला.

यष्टीमागच्या झेलात मात्र तो फायदा फारसा उरत नाही. तिथे कानावर भिस्त, आणि गोंगाटात कान दगा देतात. २०१९च्याच विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये एजबॅस्टनला ८५वर खेळणाऱ्या इंग्लंडच्या जेसन रॉयला त्याने लेगच्या बाहेरच्या चेंडूवर झेलबाद दिलं. रिप्लेत स्पर्श दिसला नाही, पण इंग्लंडचा रिव्ह्यू बेअरस्टोने आधीच संपवला होता.