पणजीचा फोटो आहे, पण चेहरा दिसत नाही. आखाजीआधी काय करावं?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि आदल्या दिवशी ओसरीवरच्या तसबिरी उतरवून पुसायचं काम माझ्याकडे असतं. बावीस वर्षं करतेय. मागच्या आखाजीला पहिल्यांदा मोजल्या. अकरा तसबिरी, त्यात बायका दोनच, आजीमाय आणि मोठी काकू. पणजोबांच्या एकट्याच्या तीन. एकीत फेटा, दुसरीत काळी टोपी आणि कोट, तिसरीत खुर्चीवर बसून मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात मांडीवर ठेवलेला. पणजीची एकही नाही. आगारी टाकताना, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर घास टाकताना, नाव मात्र तिचंही घेतात.

आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेलीय, पण आठवण पक्की. तिला विचारलं तर म्हणाली, "मायना फोटो कोन काढी?" तक्रारीचा सूर नव्हता तिचा. पावसाळ्यात पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणाली.

मग दिवाळीत ट्रंक आवरताना एक मोठा फोटो सापडला. मागे पेन्सिलीनं १९५४ लिहिलंय. विहिरीवर नवं ऑइल इंजिन बसवलं त्या दिवशीचा आहे. मधोमध इंजिन, त्याला झेंडूचा हार. शेजारी खुर्चीत पणजोबा, मागे भाऊबंद उभे, पुढे जमिनीवर पोरं. डाव्या टोकाला बैलजोडीचा कासरा धरून आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. उजव्या टोकाला, अगदी चौकटीच्या काठाशी, पणजी. पदर नाकापर्यंत ओढलेला. फक्त हनुवटी दिसते, आणि पुढे उभ्या असलेल्या लहान मुलीच्या खांद्यावर ठेवलेला हात. ती मुलगी म्हणजे आत्याआजी.

तालुक्याच्या गावी एका मोबाइलच्या दुकानात दाखवला. पोरगा म्हणाला, एआयनं पदर काढून चेहरा करून देतो. दहा मिनिटांत करूनही दाखवला. गोरीपान, गुळगुळीत गालांची, दात दाखवून हसणारी बाई. छान होती, पण आमच्या घरातली नव्हती. मी पैसे दिले आणि प्रिंट तिथंच ठेवून आले.

आता सांगा. असा चेहरा बनवून लावणं बरोबर आहे का? आणि जुन्या स्टुडिओत काम केलेलं कोणी इथे असेल तर मला खरंच जाणून घ्यायचंय की तेव्हा बायकांचे फोटो का निघत नसत, आणि निघायचे तेव्हा कसे निघायचे?

जुना रिटचर (धुळे)

ताई, मी धुळ्यात दोन स्टुडिओंमध्ये मिळून अडतीस वर्षं रिटचिंग आणि फोटो रंगवायचं काम केलं. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पणजोबांच्या घड्याळाबद्दल. राग मानू नका, पण ते स्टुडिओचं असू शकतं. आमच्याकडे एक कोट, दोन टोप्या, एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणि एक जाड पुस्तक कायम असायचं. मागे पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना आणि फुलांच्या कुंड्या रंगवलेल्या. बाजाराच्या दिवशी माणूस कपाशी विकून यायचा, तोंड धुऊन कोट चढवायचा आणि खुर्चीत बसायचा. पुस्तक हातात घ्यायला सांगितलं की कित्येक जण उलटं धरायचे, आम्ही सरळ करून द्यायचो. त्यात खोटेपणा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. गावानं आपल्याला ज्या रूपात पाहावं असं त्याला वाटे, ते रूप तो पैसे मोजून घेऊन जायचा.

बाईचा फोटो मात्र तिच्यासाठी क्वचितच निघायचा. लग्न ठरवायला निघायचा, नवऱ्याशेजारी जोडीनं निघायचा, नाहीतर गेल्यावर. गेल्यावरचा म्हणजे घरी बोलावणं यायचं. कॅमेरा घेऊन मालक जायचे, मी सोबत. भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं, डोळे मिटलेले. प्रिंट झाली की ते डोळे उघडायचं काम माझं. शून्य नंबरचा ब्रश, काळी शाई आणि पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका चुकला तर माणूस आंधळा दिसतो. पहिल्यांदा मी अंदाजानं डोळे काढले आणि घरचे रडत परत आले, "ही आमची माय नाही." तेव्हापासून मी नियम केला. लेक असेल तर तिला समोर बसवायचं आणि तिचे डोळे बघून काढायचे. अशा किती मायांच्या चेहऱ्यात लेकींचे डोळे आहेत ते मलाच ठाऊक.

घरच्यांच्या सूचनाही सांगतो, त्यात सगळं येतं. सवाष्ण गेली असेल तर कुंकू मोठं काढा. विधवा असेल तर कपाळ मोकळं ठेवा, आणि जुन्या फोटोत कुंकू असेल तर तेही पुसा. गळ्यात पोत आणि पुतळ्यांची माळ काढा. माळ कधीच मोडली असली तरी काढा. रंग जरा उजळ करा. अडतीस वर्षांत "जरा सावळी करा, तशीच होती ती" असं म्हणणारा एकच माणूस भेटला. तो तिचा धाकटा भाऊ होता.

पुढे मात्र एक बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. १९९३ साली फोटोचं मतदार ओळखपत्र सुरू झालं. त्यानंतर आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांच्या तसबिरी करायला येऊ लागल्या, आणि मूळ फोटो म्हणून हातात काय यायचं? ते कार्ड. टिकल्याएवढा फोटो, पदर कानामागे, नजर सरळ, थोडी दचकलेली. खेड्यातल्या कितीतरी बायकांचा उभ्या आयुष्यातला एकटीचा, सरळ समोर बघणारा पहिला फोटो तोच. मत द्यायचं तर तोंड दाखवावं लागतं, म्हणून पदर मागे गेला. ते फोटो मोठे करताना फुटायचे, अंधूक यायचे, तरी मी त्यांना कधी हात लावला नाही. ना उजळ केले, ना माळ काढली.

तुमच्या पणजीचा चेहरा करू नका. पदराखाली काय होतं ते त्या फोटोत नाही, मग कोणी कितीही हुशार असो, आणणार कुठून? मी निदान लेकीचे डोळे समोर ठेवून काढायचो.

केळीची बाग (रावेर)

रिटचर काका, फार मोलाचं लिहिलंत.

माझं गाव बऱ्हाणपूरपासून जवळ, म्हणून एक गोष्ट सुचली. बऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खानदेशाची राजधानी. १६३१ मध्ये मुमताज महल तिथंच गेली, चौदाव्या बाळंतपणात. आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं, मग आग्र्याला नेलं. जगात सगळ्यांत प्रसिद्ध कबर तिची. पण तिला समोर बसवून काढलेलं आहे असं खात्रीनं दाखवता येईल असं एकही चित्र नाही. बाजारात मिळतात ती सगळी नंतरच्या चित्रकारांच्या मनातली. शाहजहानची मात्र कितीतरी, बाजूनं दिसणारा चेहरा, डोक्यामागे तेजाचं वलय, हातात फूल नाहीतर रत्न.

कलाकार कमी होते म्हणावं तर तसंही नाही. जहांगीरनं इराणच्या शाह अब्बासचं हुबेहूब चित्र हवं म्हणून बिशनदास नावाच्या चित्रकाराला वकिलातीबरोबर इराणला धाडलं होतं, १६१३ साली. परक्या बादशहाचा चेहरा पाहायला माणूस इराणपर्यंत गेला. जनानखान्याचा पडदा ओलांडून आत जाणं मात्र त्याच चित्रकारांना जमलं नाही. बादशहाची बेगम आणि इंजिनाशेजारी उभी राहिलेली तुमची पणजी, दोघींच्या बाबतीत नियम एकच दिसतो.

शिरपूरची सून

मी थोडं वेगळं सांगते. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. एकच फोटो होता, तोही पाण्यानं खराब झालेला. गेल्या वर्षी मुलानं कॉम्प्युटरवर करून घेतला. खरा किती आणि बनवलेला किती, मला माहीत नाही. पण सकाळी दिवा लावताना मी तिच्याकडे बघून बोलते, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बोलता येतंय. त्यामुळे करूच नये असं मला म्हणवत नाही.

चित्रकलेचा मास्तर (चाळीसगाव)

ताई, उत्तर देण्याआधी तुम्हाला एक काम सांगतो. त्या फोटोतले पाय बघा.

का, ते सांगतो. आमच्या गावात स्टेशनजवळ केकी मूस राहायचे (१९१२ ते १९८९). फोटोग्राफीत एवढं नाव कमावलेला माणूस, पण वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही. त्यांनी घराला नाव दिलं होतं रेम्ब्राँचं. मी शाळकरी असताना वडिलांना विचारलं, हा रेम्ब्राँ कोण? त्यांनाही माहीत नव्हतं. पुढे चित्रकला शिकायला गेलो तेव्हा कळलं की तो सतराव्या शतकातला डच चित्रकार, आणि तेव्हा त्याचं एक चित्र डोक्यात बसलं ते आजतागायत.

१६६२ चं चित्र आहे, ॲम्स्टरडॅममध्ये. कापडाचा दर्जा तपासणारे पाच अधिकारी टेबलाशी वही उघडून बसलेत. म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याच्या कापूस बाजारातले प्रतवारी करणारेच म्हणा. त्या गावात चित्र काढून घ्यायला राजाच असायला हवं असं नव्हतं. व्यापारी, पंच असे लोक वर्गणी काढून आपलं चित्र करून घ्यायचे आणि आपल्या कचेरीत लावायचे. पाचही जणांच्या डोक्यावर मोठ्या काळ्या हॅट. मागे सहावा माणूस उभा आहे, तो नोकर. त्याचं डोकं उघडं. कपडे सगळ्यांचे काळे, कॉलर सगळ्यांच्या पांढऱ्या, पण त्या उघड्या डोक्यावरून तीनशे साठ वर्षांनी मला खानदेशात बसून कळतं की मालक कोण आणि नोकर कोण. तरी रेम्ब्राँनं त्या नोकराचा चेहरा बाकीच्यांइतक्याच मनापासून काढलाय. बारीकसं हसू आहे त्याच्या तोंडावर. चित्राचे पैसे त्यानं नक्कीच दिले नसणार.

आपल्याकडे डोकं उघडं टाकायची रीत नाही, सालदारही मुंडासं बांधतो. म्हणून म्हटलं, पाय बघा.

आणि दुसरं. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. राज्याचा अधिकार हाती आला त्या सुमारास राजा रविवर्म्यानं त्यांचं मोठं तैलचित्र काढलं, हिऱ्यामोत्यांनी मढलेलं. कवळाण्यात राहिला असता तर एक ओळही कोणी काढली नसती. चेहरा तोच राहिला असता. तुमच्या पणजीचंही मी असंच बघतो. तिला फक्त काठावर जागा मिळाली. ती जागा पुसून तिला मधे आणू नका, असं माझं मत. काठासकट लावा.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण फोटो घेऊन आत्याआजीकडे गेले होते.

मास्तर, पाय बघितले. भिंग घेऊन बघितले. पणजोबांच्या पायात बूट. भाऊबंदांच्या पायात वहाणा, एकाच्या करकरीत नव्या. पोरं अनवाणी, ती असतातच. मोठ्यांमध्ये अनवाणी दोघंच. डाव्या टोकाचा सालदार आणि उजव्या टोकाची पणजी. इतक्या वेळा फोटो पाहिला, हे मला दिसलं नव्हतं. त्या शेताच्या ढेकळांत रोज उतरणारी माणसंही ही दोघंच होती, आत्याआजी सांगते.

भिंगातून हातही पाहिला. मनगटाच्या वर गोंदण आहे, तुळशीवृंदावनासारखं काहीतरी, आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन ठिपके. मी आत्याआजीला काही न सांगता भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग त्या हातावर बोट ठेवून म्हणाली, "हाई मनी माय शे." आणि स्वतःची बाही वर केली. अंगठ्याच्या मुळाशी तसेच तीन ठिपके. मायलेकींनी एकाच गोंदणारणीकडून एकाच दिवशी गोंदवून घेतले होते. पोर रडायला लागली म्हणून आईनं आधी स्वतःच्या हातावर घेतले.

शिरपूरच्या ताई, तुमचं वाचून मी विचार बदलायच्या बेतात होते. तुम्हाला तुमच्या आईशी बोलायला ती तसबीर हवी होती, आणि माझ्या पणजीशी बोलणारी लेक अजून जिवंत आहे. तिला मी दुकानातला तो चेहरा मोबाइलवर दाखवला होता. तिनं विचारलं, "कोन शे ही?" म्हणून नको म्हणते, एवढंच.

तर असं ठरलंय. पूर्ण फोटो मोठा करून लावायचा, कुठलाच काठ न कापता. इंजिन मधे राहील. रिटचर काका, तुम्ही म्हणालात तसंच, कुठं उजळ करायला सांगितलेलं नाही. मागे सगळ्यांची नावं लिहायची होती. सालदाराचं नाव आमच्या घरात कोणालाच आठवेना, सगळे "सालदार" म्हणूनच बोलतात. शेवटी काल संध्याकाळी त्याच्या नातवाकडे गेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. फोटो दाखवला. त्यानं आजोबांना कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि त्यांच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. तो उठून आत गेला, चष्मा घेऊन आला, आणि आईला हाक मारली.

प्रिंटवाल्याला दोन प्रती सांगितल्यात, एकाच मापाच्या.