तालमीसाठी ८५ इंची टीव्ही: लास व्हेगासच्या प्रदर्शनापर्यंत थांबावे का?

पेठकरी (मंगळवार पेठ, डिसेंबर २०२५)

नमस्कार. येत्या ११ जूनला फुटबॉलचा विश्वचषक सुरू होत आहे आणि त्या काळात कोल्हापुरात काय वातावरण असते, हे येथील सदस्यांना सांगायला नको. आमच्या तालमीने, म्हणजे पेठेतल्या मंडळाने, वर्गणीतून ८५ इंची टीव्ही घ्यायचे ठरवले आहे. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत होणार असल्यामुळे आपल्याकडे ते रात्री उशिरा आणि पहाटे दिसतील. अंतिम सामना तर १९ जुलैच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होईल. तरीही हॉलमधल्या ट्यूबलाइट बंद होणार नाहीत, कारण चहा-पाणी आणि माणसांची ये-जा सतत चालू असते. प्रोजेक्टरचा विचार त्यामुळेच सोडला.

कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. काहींना वर्षअखेरीच्या सवलतीत लगेच खरेदी करायची आहे. बाकीचे म्हणतात की, ६ ते ९ जानेवारीला लास व्हेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे प्रदर्शन आहे, त्यात 'आरजीबी' टीव्ही येणार आहेत, मग आत्ताचे टीव्ही कवडीमोल होतील. राजारामपुरीतला दुकानदार जानेवारीत भाव वाढतील असे सांगतो, पण तो तसे सांगणारच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पडदानिरीक्षक

दादा, आरजीबीची चर्चा निराधार नाही. नेहमीच्या मिनी एलईडी टीव्हीत पडद्यामागे बारीक निळे दिवे असतात आणि क्वांटम डॉट या रंग बदलणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरातून जाताना त्यांच्या प्रकाशाचा पांढरा प्रकाश होतो. नव्या प्रकारात लाल, हिरवे आणि निळे दिवे वेगवेगळे असल्याने मागून येणारा प्रकाशच रंगीत असतो आणि रंग अधिक शुद्ध दिसतात. हायसेन्सने असा ११६ इंची टीव्ही जानेवारी २०२५ मध्ये याच प्रदर्शनात मांडला होता. सॅमसंगने ऑगस्टमध्ये ११५ इंची टीव्ही कोरियात ४ कोटी ४९ लाख वॉनला विक्रीस काढला. अमेरिकेत त्याची किंमत २९,९९९ डॉलर, म्हणजे आजच्या दराने २७ लाख रुपयांच्या आसपास आहे. आता सॅमसंगने २०२६ साठी ५५ पासून ११५ इंचांपर्यंतचे आकार जाहीर केले आहेत, तर एलजीनेही ७५, ८६ आणि १०० इंच सांगितले आहेत. म्हणजे 'काय येणार' हे बव्हंशी प्रदर्शनाआधीच कळलेले आहे. अंदाज बांधायचा तो किमतीचा आणि भारतात कोणत्या महिन्यात येणार याचा.

माझा तर्क असा की ८५ इंची आरजीबी टीव्ही पहिल्या वर्षी तालमीच्या वर्गणीत बसणार नाही. शिवाय तो वेळेवर येईल का, हाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला मांडलेले टीव्ही भारतात सॅमसंगने मे महिन्यात आणि एलजीने जुलैत आणले. हाच क्रम राहिला, तर तुमचा टीव्ही उपांत्य फेरीच्या दिवशी गोदामातून निघेल!

फुटबॉलसाठी त्या वाढीव रंगांचा उपयोगही मर्यादित आहे, कारण प्रक्षेपणातच तितके रंग पाठवलेले नसतात. तुम्ही दुकानात वेगळ्या गोष्टी पाहा. उंच उडालेला पांढरा चेंडू अंधाऱ्या प्रेक्षागृहावरून जाताना त्याच्याभोवती धुरकट वलय दिसते का? कॅमेरा मैदानावरून वेगाने फिरला की गवताचा चिखल होतो का? १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा, पडदा घ्यावा. त्यापुढच्या १४४ किंवा २४० हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, कारण सामन्याचे चित्र सेकंदाला फार तर ५० किंवा ६० चौकटींनी येते आणि पुढचे आकडे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या कामाचे असतात. तुमच्या हॉलमधली ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर असेल, तर चकचकीत पडद्यात ती मैदानाच्या मधोमध दिसेल. दुकानदाराला टीव्ही दोन मिनिटे बंद करायला सांगून काळ्या पडद्यात छतावरचे दिवे कसे दिसतात, ते पाहून घ्या.

शाहूपुरीकर

वरील बहुतेक विवेचन मान्य आहे, मात्र दुकानदाराला इतक्या सहज खोटे पाडू नये. या महिन्यात डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली आहे आणि टीव्हीचे पॅनेल व चिप्स मोठ्या प्रमाणात आयातच होतात. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप्स वळल्यामुळे त्यांचे भाव चढले आहेत. मेमरी चिप्स बनवणाऱ्या मायक्रॉनने तर याच महिन्यात क्रुशियल या नावाने चालणारी ग्राहकांसाठीची विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. टीव्हीत मेमरी संगणकापेक्षा कमी लागते, परंतु लागतेच. उलट ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे करातली मोठी उतरण होऊन गेली आहे. त्यामुळे थांबून स्वस्त मिळेल हे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. मी असतो तर याच महिन्यात घेतला असता.

उद्यमनगरी

मला अंदाजांच्या विश्वासार्हतेबद्दल लिहायचे आहे. टीव्ही भारतात विकण्यापूर्वी भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी अनिवार्य असते. त्या नोंदीत मॉडेलचा क्रमांक दिसला, तर माल इकडे येण्याची तयारी सुरू आहे असे समजावे. 'सूत्रांनुसार' म्हणणाऱ्या दहा व्हिडिओंपेक्षा अशी एक नोंद बरी. आणि प्रदर्शनात दिसले म्हणजे बाजारात आले असेही नव्हे. एलजीचा गुंडाळता येणारा टीव्ही जानेवारी २०१९ मध्ये तिथे गाजला, तो कोरियात विक्रीला यायला ऑक्टोबर २०२० उजाडले आणि किंमत होती १० कोटी वॉन. सॅमसंगचा बॉली हा चेंडूसारखा यंत्रमानव २०२० पासून दाखवला जातो आहे, २०२५ मध्ये विक्रीचे आश्वासनही होते, पण वर्ष संपत आले तरी तो दुकानात नाही.

पेठकरी

सर्वांचे आभार. एप्रिल-मे महिन्यात नवीन मॉडेल येण्याआधी २०२५ चे टीव्ही सवलतीत निघतील, तेव्हा घ्यावा, अशी तिसरी सूचना एका कार्यकर्त्याने केली आहे. ती कितपत व्यवहार्य आहे?

पडदानिरीक्षक

साधारणपणे तसे होते, पण ५५ किंवा ६५ इंचांत. ८५ इंची टीव्ही शहरातले दुकानदार फारसे साठवून ठेवत नाहीत. विश्वचषकाच्या तोंडावर प्रत्येक पेठेतून मागणी आली, तर सवलत बाजूला राहील आणि हवे ते मॉडेलही मिळणार नाही. शाहूपुरीकरांचा रुपयाचा मुद्दा त्यात धरला, तर एप्रिलपर्यंत थांबण्यात मला फायदा दिसत नाही. सॅमसंगचा कार्यक्रम ४ जानेवारीला आणि एलजीचा ५ जानेवारीला आहे. दुकानदाराकडून आजचा भाव १० जानेवारीपर्यंत लेखी घ्या. आरजीबी टीव्हीची भारतातली किंमत आणि महिना तोवर जाहीर झाला नाही, तर १२० हर्ट्झचा मिनी एलईडी त्याच भावाने उचला. तो लेखी द्यायला तयार नसेल, तर याच आठवड्यात घ्या.