प्रतिसाद : ‘रम अँड कोका-कोला’चं मूळ

वर कुणीतरी ‘रम अँड कोका-कोला’ला ‘अँड्र्यूज भगिनींचं मजेशीर सुट्टीचं गाणं’ म्हटलंय (अँड्र्यूज भगिनी म्हणजे तीन अमेरिकन गायिका बहिणी). ठेका तसाच आहे खरा, पण शब्द नीट ऐका. मायलेकी दोघीही ‘यांकी डॉलर’साठी खपतायत! कशासाठी, ते सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर लष्करी तळ उभारले. सैनिकांच्या खिशात डॉलर खुळखुळत होते आणि बेटावरचे सगळे हिशेब उलटेपालटे झाले. त्यावर लॉर्ड इन्व्हेडर या तिथल्या कॅलिप्सो (त्रिनिदादचं लोकसंगीत) गायकाने 1943 मध्ये हे बोचरं गाणं रचलं. चाल त्याहून जुनी, त्रिनिदादचाच संगीतकार लायोनेल बेलास्कोची. त्याच वर्षी मोरी ॲम्स्टर्डॅम हा अमेरिकन विनोदवीर सैनिकांच्या करमणुकीसाठी तिथे गेला, आणि परतल्यावर थोडेफार शब्द बदलून गाणं चक्क स्वतःच्या नावावर केलं.

अँड्र्यूज भगिनींची रेकॉर्ड 1945 मध्ये तुफान चालली. रेडिओवाले मात्र बिचकले, कारण गाण्यात दारू होती आणि शीतपेयाची फुकट जाहिरातही! मायलेकींबद्दल कुणाचं फारसं काही म्हणणं नव्हतं म्हणे.

पुढे न्यूयॉर्कात दोन खटले झाले, एक शब्दांसाठी, दुसरा चालीसाठी. दोन्हींत त्रिनिदादची बाजू जिंकली. तरी आजही बऱ्याच जणांना हे गाणं अँड्र्यूज भगिनींचंच वाटतं. इन्व्हेडरच्या आवाजातलं मिळालं तर जरूर ऐका, त्यात सुट्टीबिट्टी काही नाही.