मदत हवी आहे: फवारणी ड्रोनच्या कार्बन नळीचा लेअप (थरांची रचना)

मंडळी, फवारणीच्या ड्रोनचा हात म्हणून कार्बन-इपॉक्सीची गोल नळी डिझाइन करतोय. वाकणं सोसायला ०° चे (तंतू नळीच्या लांबीला समांतर असलेले) थर, पिळासाठी ±४५°, आणि क्लॅम्पखाली नळी चेपू नये म्हणून ९०°. प्रत्येक +४५° ला जोडीचा -४५° आहेच, नाहीतर ओढ बसली की नळी पिळतेही.

अडचण अशी, की जेनेटिक अल्गोरिदमला (उत्क्रांतीसारखं निवडत-बदलत चांगली रचना शोधणाऱ्या प्रोग्रामला) वजन कमी करायला सांगितलं की तो ९०° चे थर काढूनच टाकतो आणि ०° चे थर एकावर एक रचत जातो. असे जाड गठ्ठे मला नकोत. त्यांत मॅट्रिक्सला (तंतूंना धरून ठेवणाऱ्या इपॉक्सीला) चीर गेली की तिथूनच डीलॅमिनेशन (थर एकमेकांपासून सुटणं) सुरू होतं. प्रत्येक दिशेला किमान १०% थर, हा विमानांच्या डिझाइनमधला नियम घालू, की क्लॅम्पचा दाब वेगळी लोडकेस (तपासायची भाराची स्थिती) म्हणून देऊ? मला दुसरं जास्त पटतंय.

शिवाय त्साई-वू या थर कधी निकामी होतो हे ठरवणाऱ्या निकषानुसार ९०° थरातली पहिली चीर म्हणजेच अपयश धरलं, तर नळी फारच जड होते. तंतू मात्र तेव्हा शाबूत असतात. हाशिनचा निकष तंतू आणि मॅट्रिक्स वेगवेगळे तपासतो, तो इथे वापरावा का? मोटारीची थरथर सतत असताना ती चीर कितपत चालवून घ्यावी? प्रत्यक्ष नळ्या तोडून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.