मदत हवी आहे : नायट्रायडिंग केलेल्या एसएस ३१६ स्लीव्हला गंज

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशिनशॉप आहे. रत्नागिरीकडच्या एका मासळी कारखान्याला खाऱ्या पाण्याच्या पंपांचे शाफ्ट स्लीव्ह (पंपाचा दांडा झिजू नये म्हणून त्यावर चढवायची नळी) करून देतो, एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे. गंजाची तक्रार कधीच नव्हती. पण पाण्यातल्या वाळूने ग्लँड पॅकिंगखाली (गळती रोखायला भोवती आवळलेला दोर) तीन-चार महिन्यांत नखाला लागतील एवढे चरे पडायचे. म्हणून या खेपेला बाहेरून गॅस नायट्रायडिंग (अमोनिया वायूत तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) करून घेतलं, ५३० अंशांवर. कडकपणा झकास आला, कानस नुसती घसरत होती. आणि पंधरा दिवसांत बाराही नग परत आले, तांबूस गंजाने माखलेले.

गिऱ्हाइकाला वाटलं मी २०२ चा, म्हणजे स्वस्तातल्या, लवकर गंजणाऱ्या स्टेनलेसचा माल घातला. फार लागलं मनाला. लगेच स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) करून घेतली : क्रोमियम १६.६, मॉलिब्डेनम २.१ टक्के. माल चोख आहे. शिवाय आट्यांवर नायट्रायडिंग चढू नये म्हणून पेस्ट लावली होती, तेवढा पट्टा अजून चकचकीत आहे आणि त्याच्या बोटभर पलीकडे गंज.

वाचून उमगलं ते असं. स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. एवढ्या तापमानाला नायट्रोजन क्रोमियमला धरून क्रोमियम नायट्राइड बनवतो. थर कडक होतो, पण आजूबाजूच्या पोलादात पापुद्रा धरण्याइतकं क्रोमियम उरत नाही. एक नग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये पॅसिव्हेट करून (पापुद्रा पुन्हा धरावा म्हणून बुडवून) पाहिला, तर थर आणखीच काळवंडला.

४५० अंशांखाली प्लाझ्मा नायट्रायडिंग (विजेने भारलेल्या वायूत) केलं तर नायट्रोजन पोलादात विरघळून राहतो, नायट्राइड बनत नाही आणि गंजरोधकपणा टिकतो. पण तो थर साधारण १५-२० मायक्रॉनचा. नंतर ग्राइंडिंगला वावच नाही, साइज आधीच आणायची.

तर ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांना विचारतो : वाळूच्या पाण्यात, पॅकिंगखाली, एवढा पातळ थर किती दिवस निघाला? की सरळ क्रोमियम ऑक्साइडचं सिरॅमिक कोटिंग करावं? हार्ड क्रोमला मी घाबरतो, त्याच्या बारीक भेगांतून खारं पाणी खाली उतरतं.

आणि हे बारा नग भंगारात घालवत नाहीये. गंजलेला थर पूर्ण ग्राइंड करून, कमी झालेला व्यास कोटिंगने भरून कुणी पुन्हा चालवले आहेत का?